बाजारातला वाटा

मोह पडायला लागला की कॉलेजच्या परीक्षा येतात, की परीक्षा आल्या की मोह पडतो, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. आमच्या घरामागं एक मोहाचं झाड आहे. मार्च निम्मा सरला की त्याची पानं झडतात आणि उजाडायच्या सुमाराला फुलं पडायला लागतात. जाड, ओलसर, हातात घेतली तर चिकटणारी. वास असा की आमचे हे म्हणतात, "या दिवसांत न पिताच पिल्यासारखं होतं." हे भातसानगरला धरणावर नोकरीला होते, सगळा जन्म पाण्याजवळ गेला, त्यांना वासातलं काय कळणार. पण माझ्यासाठी त्या वासात आणखी बरंच काही मिसळलेलं आहे. झेरॉक्सची गरम पानं, हरवलेलं हॉलतिकीट, आणि मोरीवर तोंड धुता धुता व्याख्या पाठ करणाऱ्या मुली. आमचं घर मुरबाडच्या एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. मागची खोली मी किती तरी वर्षं कॉलेजच्या मुलींना राहायला देते. डोंगराकडच्या वाड्यांवरून त्यांना रोजचं येणंजाणं झेपत नाही.

यंदाच्या मुलीनं परवा मला एक पत्रिका आणून दिली. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं. 'व्यवसाय शिक्षणात विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग' या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा. मी चष्मा लावून दोनदा वाचली.

"यात तू काय करणार गो?"

"मी दारात उभी राहणार, आजी. पाहुण्यांना गुलाब द्यायचेत."

"आणि आत?"

"आत जागा नाय. आत सगळे सर लोक बसणार."

मी पत्रिका दुमडली आणि तांदळाच्या डब्याखाली घातली. डबा कधीचा डुगडुगत होता. आता हलत नाही.

मला राग लवकर येत नाही असं मी सांगितलं तर आमचे हे हसतील. येतो मला राग. पण हा राग ताजा नव्हे. चार वर्षांपूर्वी अशाच मोहाच्या दिवसांत तो आला आणि मग गेलाच नाही. झाड फुललं की तोही फुलतो.

तेव्हा मागच्या खोलीत हिरा राहायची. तिची वाडी शहापूर तालुक्यातली, पण डोंगर उतरलं की मुरबाडची बाजू जवळ. वाडीवरून कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. अंगानं बारीक, चालणं भराभर, आणि कॉलेजच्या नावानं तोंडाला कुलूप. घरात मात्र बोलायची. सकाळी मोरीवर तिचं सुरू व्हायचं, "विपणन ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे. विपणन ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे."

मला आधी ऐकू आलं 'विपन्न'. म्हटलं, पोरीला काय दुःख आहे सकाळी सकाळी.

"विपन्न कोण झालं गो?"

"विपणन, आजी. मार्केटिंग."

"म्हणजे?"

"म्हणजे..." ती थांबली, चूळ भरली. "विकणं."

"मग विकणं म्हण की."

"विकणं लिवलं तर मार्क नाय देत."

आता बघा, मी शिकले चौथी. पुढचं सगळं पुड्यांच्या कागदावर वाचून झालं. भेंडी आणि वालाच्या शेंगा घेऊन मी तीस वर्षं बाजारात बसले. आणि मला ठाऊक नव्हतं की मी निरंतर चालणारी प्रक्रिया करत होते. मला वाटायचं पाय दुखताहेत ते बसून बसून.

हिराच्या वह्या मी चाळायची. पानंच्या पानं एका शाईत, एका उतारानं. सर सांगायचे, मुलं लिहायची. पहिलं वैशिष्ट्य, दुसरं वैशिष्ट्य, सातवं वैशिष्ट्य. सव्वाशे मुलांच्या वह्यांत तेच वाक्य त्याच ओळीवर. मी विचारलं, "वर्गात कुणी प्रश्न विचारतं का?" ती म्हणाली, "सर इचारतात, समजलं का? आमी बोलतो, हो." हा त्यांचा संवाद. दोन वर्षांचा.

आणि हीच मुलगी बाजाराच्या दिवशी बघावी. दर आठवड्याला तिची आई, आये म्हणायची ती तिला, डोंगर उतरून माल घेऊन यायची आणि हिरा कॉलेज बुडवून तिच्याबरोबर बसायची. हिरवी करवंदं, कुडाची फुलं, कैऱ्या. तराजू नाही. आमच्याकडं रानचा माल वाट्यानं विकतात. गोणपाट अंथरायचं आणि त्यावर लहान लहान ढिगारे मांडायचे, तो एकेक वाटा. गिऱ्हाइकानं बोट दाखवायचं, आपण तो वाटा त्याच्या पिशवीत लोटायचा. ऐकायला सोपं आहे. करून बघा. मी तीस वर्षं केलं, पण हिरासारखा हात मला कधी बसला नाही. चिमटीत उचलून इकडचं एक तिकडं, तिकडचं एक इकडं, आणि वीस वाटे असे बसायचे जसे एकाच साच्यातून निघालेत.

एकदा मी तिला टोकलं. डाग पडलेली कैरी तिनं वर ठेवली होती.

"अगं, चांगली वर ठेव. खराब खाली घाल."

"नको आजी. खराब वरच ठेवायची. दिसली तर माणूस बोलून घेतो, भांडून घेतो, मग घेतो. खाली सापडली तर काय बोलत नाय. पण पुन्हा येत नाय."

मी डागाची कैरी वरच राहू दिली. आये पदरात तोंड घालून हसत होती.

कल्याणकडची एक गाडीवाली बाई आली होती तेव्हाची गोष्ट. बाई म्हणाली, "सगळ्या वाट्यांतली मोठी मोठी निवडून दे मला." हिरा म्हणाली, "ताई, तुमाला मोठी दिली तर दुपारच्या गिऱ्हाइकाला काय देऊ? तो पण तेवढेच पैसे देतो. त्यानं उशिरा यायचा दंड का भरायचा?" बाईनं तिच्याकडं नीट बघितलं, विचारलं, "शिकतेस का तू?" आणि दोन वाटे घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात परत आली. हे कुठल्या वैशिष्ट्यात बसतं ते मला माहीत नाही. पण सातांतल्या एकात तरी बसायला हरकत नव्हती.

मग त्या वर्षीची तोंडी परीक्षा झाली.

त्या दिवशी हिरा कॉलेजातून आली ती खोलीत गेली आणि दार लोटून बसली. जेवली नाही. मी विचारलं, काही नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघी झाडाखाली मोह वेचत होतो. मोह वेचताना मान खाली असते, एकमेकींकडं बघायला लागत नाही. त्यामुळं बोलणं सोपं जातं. तिथं तिनं सांगितलं.

समोर तिचे सर आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. बाहेरच्यांनी मराठीत विचारलं, वाडीवरची मुलगी म्हणून सोपं करून, "बाजारातला वाटा म्हणजे काय, सांग."

आता त्यांना विचारायचं होतं ते काय म्हणतात, मार्केट शेअर. एखाद्या मोठ्या कंपनीचा साबण सगळ्या बाजारात किती खपतो, तो हिस्सा. ते पुस्तकात होतं, हिराला पाठही होतं. पण 'बाजारातला वाटा' हे शब्द कानावर पडले आणि पोरीचा चेहरा उजळला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी तिला येत असलेलं विचारलं होतं.

"मी बोलली, सर, करवंदांचा का कैऱ्यांचा?"

"मग?"

"ते हसले. मला वाटलं, खुश झाले. मग त्यांनी इचारलं, किती मोठा लावतेस? मी हातानं करून दाखवला."

तिनं मोह वेचता वेचता तसाच हात केला, ओंजळीसारखा. मी बघितला तो हात. आत्ता लिहितानाही माझं डोकं तापतं. त्या माणसाला कळलं होतं की मुलगी वेगळं समजली. एका वाक्यात सांगता आलं असतं, बाई, मी हे नव्हे, ते विचारतोय. किंवा खुर्ची पुढं ओढून म्हणायचं, बरं, हेच सांग, कसा लावतेस, का तसा लावतेस. परीक्षा त्यातच झाली असती. त्यानं काय केलं? चेष्टा वाढवण्यासाठी आणखी एक प्रश्न विचारला आणि तिनं तो खरा मानून उत्तर दिलं.

गोष्ट दुपारपर्यंत वर्गात पोचली. "ए वाटा, कसा दिला?" पोरं जिन्यात उभी राहून विचारायला लागली. त्या विचारण्यात काय काय घाण असते ते मला सांगायला नको. आणि चार दिवसांनी अंतर्गत गुण लागले त्यात एक रकाना होता, 'वर्गातील सहभाग'. त्यात हिराला दहापैकी दोन.

हे दोन कुठून आले याचा मी विचार करत राहिले. उपस्थितीचा एक आणि समजलं का म्हटल्यावर हो म्हटल्याचा एक असेल.

हिरा म्हणाली, "मी पेपर देत नाय, आजी. आये बोलली, मोह वेचायला हात कमी पडतात. मी वाडीवर जाते." तिनं पिशवी भरली होती. पुस्तकं भरली नव्हती.

मी पिशवी हातातून घेतली. म्हटलं, "दोन दिवस दे मला." आणि तडक कॉलेजात गेले.

सर तरुण होते. तिशीचेही नसतील. स्टाफरूममध्ये डबा खात होते. मी उभ्यानंच सुरू केलं, "बोलली नाही म्हणून दोन मार्क, आणि बोलली तर हसलात. मग त्या मुलीनं करायचं काय, ते मला लिहून द्या. मी तिच्याकडनं पाठ करून घेते."

त्यांनी डबा बंद केला. "आजी, मी नव्हतो हसलो."

"तुम्ही थांबवलंत का?"

त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा दाबलं. मग हळूच म्हणाले, "सव्वाशे मुलं आहेत वर्गात. मी तासावर नेमलेला माणूस. अभ्यासक्रम पुरा झाला नाही तर पुढच्या वर्षी मला बोलावणार नाहीत. सहभाग घ्यायचा कधी?"

हे खरं होतं आणि त्याचाही मला रागच आला. त्यांचा नव्हे, त्यांना तसं ठेवणाऱ्यांचा. मास्तराला पुढच्या वर्षाची खात्री नाही, त्यानं मुलांना धीट कसं करायचं? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण उगीच नाही म्हणत. पण मी त्यांना सोडलं नाही. म्हटलं, "बाजार तुमच्या कॉलेजच्या फाटकापासून हाकेवर भरतो. एक दिवस मुलांना घेऊन या. फळा नको, खडू नको. हिरा तिथं बसलेली असेल."

ते आले हो. खोटं कशाला बोलू. पुढच्याच बाजाराला तीस-चाळीस मुलं घेऊन आले. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं, हातात छापील कागद. उन्हात उभं राहवेना म्हणून निम्मी रसवंतीच्या कापडाखाली. हिराच्या गोणपाटापुढं एक मुलगा आला, रोज तिच्या पुढच्या बाकावर बसणारा. कागद बघून विचारायला लागला, "विक्रेत्याचे नाव?"

हिरा बघतच राहिली. "तुला माहीत नाय?"

"लिहायचं असतं ना. वय? शिक्षण?"

"तुझ्याइतकंच. तुझ्या मागच्या बाकावर."

आये खदखदून हसली. पोरानं कान खाजवत लिहिलं, 'शिक्षण : आहे'.

पण मग एक मुलगी तिथंच मातीत फतकल मारून बसली आणि म्हणाली, मला लावू दे वाटे. तिचा पहिला वाटा डोंगर आणि शेवटचा नुसता ठिपका. हिरा म्हणाली, "अगो, असा लावलास तर पहिला जाईल आणि बाकीचे रडत बसतील. आधी मोजू नको. आधी मोठं मधलं बारकं वेगळं कर." मुलं गोळा झाली. सर उकिडवे बसले. हिरा बोलत होती. खराब वर का ठेवायचं, दुपारनंतर वाटा मोठा कधी करायचा, कुडाची फुलं पळसाच्या पानातच का बांधायची. अर्धा तास तरी बोलली असेल. सरांनी दोनदा विचारलं, "म्हणजे कसं, परत सांग." त्या दिवशी ते सर मला आवडले. जिन्यात विचारणारी पोरं गप्प होती. एकानं तर कैऱ्याही घेतल्या, आणि घासाघीस केली नाही, हिरानं त्याला त्यावरून सुनावलं, "घासाघीस कर रे. उद्या धंदा काय करशील?"

संध्याकाळी ती घरी येऊन पुस्तक उघडून बसली. पिशवीचं नाव काढलं नाही. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "बघा, पोर राहिली." हे म्हणाले, "आता तू जरा गप्प राहा म्हणजे अभ्यास होईल तिचा."

कधी कधी वाटतं, इथंच थांबावं लिहायचं. लोकांना अशी गोष्ट आवडते. पण मला राग तर पुढच्याचा आहे.

हॉलतिकिटं मिळायची होती त्या दिवशी मी हिराबरोबर गेले. मला बघून सरांनी हाक मारली. कौतुकानं कपाटातून एक फाइल काढली, "आजी, तुमच्या सांगण्यावरून झालं हे. वरून फार चांगला शेरा आलाय." स्पायरल लावलेली जाड फाइल. वरती रंगीत फोटो, गोणपाटापुढं बसलेली हिरा. मी चष्मा लावला. आत छान छान लिहिलं होतं. वाटे कसे लावतात, खराब माल वर का, सगळं हिराच्या तोंडचं, फक्त पुस्तकी शब्दांचे कपडे घातलेलं. शेवटी 'सहभागी विद्यार्थी' म्हणून हजेरी क्रमांकानं यादी. मी बोट फिरवत खाली आले. सेहेचाळीस, आणि त्याखाली लगेच अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस नव्हता. हिरा सत्तेचाळीस होती.

त्याच पानाच्या तळाशी तिचं नाव सापडलं. 'माहिती देणारे विक्रेते : हिरा, रानभाजी विक्रेती'.

"सर, ही तुमच्या वर्गात आहे," मी म्हटलं.

"हो, माहीत आहे ना. पण त्या दिवशी ती मुलांबरोबर नव्हती. ती तिकडं बसली होती."

तिकडं. म्हणजे गोणपाटाच्या पलीकडं. दोन हातांचं गोणपाट. अलीकडं उभे राहिलेले शिकायला आलेले, पलीकडं बसलेली बघायची वस्तू. जी निम्मी मुलं रसवंतीखाली उभी राहिली, त्यांचाही सक्रिय सहभाग झाला. जी एकटी शिकवत होती तिचा झाला नाही. सरांच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. वाईट मन असतं तर भांडता आलं असतं. त्यांना ते दिसलंच नव्हतं.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटणार होता. मी तोंड उघडलं, आणि माझ्या दंडावर हात आला.

"आजी, तुमी थांबा."

मी थांबले. आणि थांबल्यावर मला उमगलं की इतके दिवस मीच बोलत होते. कॉलेजात मी बोलले, सरांना मी बोलावलं, आयेला मी समजावलं. पोरीला बोलू देत नाहीत म्हणून गावभर बोलत मीच हिंडत होते.

हिरानं फाइल स्वतःकडं ओढली. "सर, माझं नाव यादीत पायजे."

"अगं, वर पाठवायची होती ती प्रत गेली. ही कॉलेजची आहे."

"कॉलेजच्याच प्रतीत पायजे. मी याच कॉलेजात हाय."

सर अवघडले. खिशातलं पेन काढलं. "बरं, खाली लिहितो."

"खाली नको, सर. सत्तेचाळीसला."

"तिथं जागा नाही ना."

"हो. म्हणून सांगते."

ते पानाकडं बघत राहिले. मग तळाच्या ओळीवर पेन नेलं, "मग इथलं खोडू?"

हिरानं तळाची ओळ पुन्हा वाचली. "नको. ते पण खरं हाय. दोन्ही ठेवा."

त्यांनी तिच्याकडं असं बघितलं, जसं त्या दिवशी उकिडवं बसून बघितलं होतं. संगणकावर गेले, कुठंतरी शोधलं, टाइप केलं, पान काढलं. ते फाइलीत बसवायचं तर स्पायरल काढून परत लावायला हवं, म्हणून फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. स्टँडकडं जाणारी एसटी समोरून निघून गेली, कंडक्टरनं मला हातही केला. मी बघितलं न बघितलंसं केलं.

दुकानदारानं फाइल उलटीपालटी केली. परीक्षेचे दिवस, मागं पोरांची रांग, एकेकाच्या हातात छापायचं काहीबाही. त्याच्या कपाळावर आठी.

"एका नावासाठी सगळी फाइल उघडायची का, सर?"

सरांनी तोंड उघडलं. मीही उघडलं होतं, ते मिटलं.

"उघडा," हिरा म्हणाली.